पप्पांच्या पॅलिओचं प्रेशर

"गाडी देऊन टाकतोय गं. रविवारी माणूस येणारे न्यायला."

पप्पांनी फोनवर हे इतक्या सहज सांगितलं, जणू महिन्याची रद्दीच देऊन टाकतायत. मी पुण्यात, एका हातात मोबाइल, समोर लॅपटॉपवर अर्धवट लेख आणि डोक्यावर डेडलाइन. "कुठली गाडी?" असा बावळट प्रश्न मी विचारला. आमच्याकडे गाडी एकच आहे.

फियाट पॅलिओ, 1.6 जीटीएक्स, मॉडेल 2002, रंग लाल. आता तुम्ही म्हणाल, ही कसली स्पोर्ट्स कार? मान्य. फेरारी-पोर्शवाल्यांनी पान उलटलं तरी चालेल. पण जरा आठवून बघा. 2001 मध्ये पॅलिओ आली, तेव्हा निम्मा देश 796 सीसीच्या मारुती 800 मध्ये बसून खूश होता. आणि कुर्ल्याच्या ज्या कारखान्यातून पूर्वी प्रीमियर पद्मिनी बाहेर पडायची, तिथून निघालेल्या या छोट्याशा हॅचबॅकच्या बॉनेटखाली 1596 सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन! जाहिरातीत कोण, तर साक्षात सचिन. पुढे 2002 मध्ये ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल सचिनला शूमाकरच्या हातून फेरारी मिळाली, तीही फियाटच्याच घरातली. त्यामुळे "सचिनला फेरारी, आपल्याला पॅलिओ, घर एकच" हा पप्पांचा आवडता डायलॉग. पाहुणे बदलले, डायलॉग बदलला नाही.

पप्पा आधी कापड गिरणीत मेंटेनन्सला होते. गिरणी बंद पडल्यावर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात लागले. यंत्रमागाचा आवाज ऐकून कुठला भाग सैल झालाय ते सांगणारा माणूस. 2006 मध्ये त्यांनी ही गाडी पुण्याहून सेकंडहँड आणली. लिटरला आठ-नऊ किलोमीटर देणारी फियाट तेव्हा कुणालाच नको होती, म्हणून ती आम्हाला परवडली. मी तेव्हा तिसरीत होते. जुळे सोलापूरच्या आमच्या गल्लीत ती पहिल्यांदा वळली, त्या दिवशी मी शाळेत निबंध नसतानाही निबंध लिहिला होता.

तर अशी गाडी. तीस हजारांत. भंगारात.

"झालंय काय पण?"

"तुळजापूरहून येताना तेलाचा दिवा लागायलाय. दाखवली गॅरेजला. इंजिन गेलं म्हणाले. सत्तर हजार सांगायलेत. एवढ्या जुन्या गाडीला कोण घालतंय सत्तर? आता बास झालं की."

शुक्रवारच्या संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. दहा-साडेदहाला स्टेशनवर उतरले. एरवी पप्पा गाडी घेऊन न्यायला येतात. या वेळी रिक्षाने घरी गेले. गाडी अंगणात कव्हर घालून ठेवलेली. घरात कुणी वारल्यावर आरसा झाकतात ना, अगदी तशी.

शनिवारी सकाळी चहाबरोबर सल्ले सुरू झाले. शेजारचे काका म्हणाले, "सगळ्यात जाड तेल ओता, दिवा बंद!" त्यांच्या मुलाचं मत, एक बाटली अ‍ॅडिटिव्ह टाकायचं, बास. मम्मीचे चुलतभाऊ तर कमालच. "दिव्याची वायरच काढून टाका. दिसणार नाही, दुखणार नाही." एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. इंजिन गेलं असं सगळेच सांगत होते, गॅरेजवालेसुद्धा. पण प्रेशर नेमकं किती आहे, हे कुणीच सांगत नव्हतं. कारण कुणी मोजलंच नव्हतं!

मम्मीला एक मिस्त्री आठवले. विजापूर रोडला एका बोळात त्यांचं पत्र्याचं शेड आहे. पन्नाशी ओलांडलेले, बोलणं कमी. दुपारी टूलबॉक्स घेऊन ते घरीच आले. दिवा लागतोय म्हटल्यावर गाडी चालवत आणू नका, असं त्यांनी फोनवरच बजावलं होतं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "दिवा कधी लागतोय? थंडीला का गरमीला? उभ्या गाडीला का पळताना?"

पप्पांनी आठवून सांगितलं. सकाळी काही नाही. पळताना काही नाही. उन्हातून लांबचा पल्ला मारून आलं आणि सिग्नलला गाडी उभी राहिली, की दिवा लुकलुकतो. अ‍ॅक्सिलरेटरवर जरा पाय दिला, की विझतो.

"मग थांबा," मिस्त्री म्हणाले. "मोजल्याबिगर इंजिन उतरवायचं नसतंय."

इथे जरा थांबून तुम्हाला सांगते, कारण मला स्वतःला हे त्या दिवशी कळलं. डॅशबोर्डवरचा तो लाल किटलीसारखा दिवा तेल किती आहे हे सांगत नाही. तो तेलाचा दाब सांगतो. तोही पूर्ण नाही. इंजिनवर एक छोटा स्विच असतो. दाब साधारण पाच ते सात पीएसआयच्या खाली गेला की तो दिवा लावतो. म्हणजे चाळीस हवेत तिथे दहाच असले, तरी दिवा गप्प! जुन्या एमजीसारख्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये डॅशबोर्डवर दाबाचा काटाच असायचा, त्यामुळे चालवणाऱ्याला घसरण दिसत राहायची. आपल्या गाड्यांत काट्याच्या जागी दिवा आला. दिवा लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. गाडी चालू असताना तो लुकलुकला नाही, सरळ पेटूनच राहिला, तर एकच करायचं. गाडी बाजूला, इंजिन बंद, टोइंगला फोन. "जवळच तर आहे गॅरेज" म्हणत काढलेले दोन किलोमीटर इंजिनाचा जीव घेऊ शकतात.

आता हा दाब येतो कुठून? मला वाटायचं, पंप दाब तयार करतो. मिस्त्रींनी आमच्या नळाकडे बोट दाखवलं. सोलापूरकरांना पाण्याच्या प्रेशरबद्दल शिकवावं लागत नाही. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा अख्खी गल्ली एकदम नळ सोडते. पाणी तेवढंच येतंय, पण सगळ्यांचे नळ पूर्ण उघडे, की शेवटच्या घराला नुसती धार. इंजिनातही तसंच. पंप फक्त तेल ढकलतो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातल्या केसाएवढ्या फटीतून ते निघताना त्याला जो अडथळा होतो, त्यातून दाब बनतो. बेअरिंग झिजून फट वाढली, म्हणजे नळ जास्त उघडला. दाब पडला.

पण नळाला पाणी कमी येण्याची कारणं आणखीही असतात की नाही? टाकीत पाणीच कमी असेल. मोटर दमलेली असेल. मीटरजवळची जाळी कचऱ्याने तुंबलेली असेल. इंजिनातही अशीच यादी: तेल कमी, तेल पातळ, पंप थकलेला, दाब जास्त झाला तर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलेला, सम्पमधली गाळणी तुंबलेली. शिवाय स्विचच खोटं बोलत असण्याची शक्यता आहेच. सत्तर हजारवालं बेअरिंगचं कारण या यादीत सगळ्यात शेवटी येतं, कारण ते सगळ्यात महाग आहे. पण पप्पांना तेच पहिलं सांगितलं गेलं होतं.

मिस्त्रींनी स्वस्तापासून सुरुवात केली. डिपस्टिक पुसून बघितली. तेल बरोबर दोन खुणांच्या मध्ये. स्विचची वायर तपासली. कुठे सोललेली नाही. मग त्यांनी स्विच काढला आणि त्याच भोकात, आटे जुळवणारा अ‍ॅडाप्टर लावून, एक जुनाट मेकॅनिकल गेज बसवला. लांब रबरी पाइप आणि घड्याळासारखी तबकडी. टूलबॉक्सच्या तळातून, फडक्यात गुंडाळलेला काढला होता.

पप्पांनी नकळत एक वही आणली. गिरणीतली सवय.

थंड इंजिन, आयडलला: 40.

"पंप मेलेला नाही," मिस्त्री म्हणाले. "व्हॉल्व्ह उघडा अडकला असता तर थंडीलाबी एवढा दाब आला नसता." यादीतली दोन नावं एका आकड्यात मागे पडली! मग गेज तसाच लावून, सावली सोडून भर उन्हात, इंजिन चालू ठेवलं. एप्रिलचं सोलापूर, वेगळा हीटर लागत नाही. रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाला.

गरम, आयडलला: 6. आणि डोळ्यांसमोर काटा थरथरत होता.

गरम, तीन हजार आरपीएमला: 22.

जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींत जगभर एक ठोकताळा चालतो. गरम इंजिनला दर हजार आरपीएममागे निदान दहा पीएसआय. म्हणजे तीन हजारला तीस तरी हवेत. कंपनीच्या मॅन्युअलची जागा हा ठोकताळा घेत नाही, पण धोक्याची खूण म्हणून बरा. आमच्याकडे बावीस. म्हणजे स्विच खरंच बोलत होता. दाब खरंच कमी होता.

पप्पा काही बोलले नाहीत. वहीत 22 खाली रेघ मारली.

मिस्त्रींनी डिपस्टिक परत काढली. तेलाचा थेंब बोटांवर घेऊन चोळला. मग माझ्याकडे नाही, पप्पांकडे बघून विचारलं, "तेल कुठलं घातलंय ओ? लई पातळ हाय."

आणि माझ्या पोटात गोळा आला.

कारण ते तेल मी पाठवलं होतं.

सांगते. मी फ्रीलान्स लिहिते. कॅफे, गॅजेट्स, वीकेंड गेटवे आणि अधूनमधून गाड्या. "तुमच्या कारचे लाड करा: दहा सोप्या टिप्स" छाप लेख मी डोळे मिटून लिहू शकते. खरं तर तसाच लिहिला होता. त्यात टिप क्रमांक चार: महागडं फुल्ली सिंथेटिक तेल वापरा. डिसेंबरमध्ये पप्पांचा वाढदिवस होता. मी ऑनलाइन सगळ्यात महाग कॅन मागवला, 0डब्ल्यू-20, आणि सोलापूरच्या पत्त्यावर पाठवून दिला. सोबत कार्ड: "फेरारीवाल्यांसाठी!" पप्पांनी मॅन्युअल उघडून बघितलंच नाही. लेकीने पाठवलंय, आणि लेक तर पेपरात गाड्यांवर लिहिते.

तेल वाईट नव्हतं. उत्तम होतं, पण दुसऱ्याच इंजिनासाठी. आजकालच्या कितीतरी नव्या पेट्रोल गाड्यांत तेच घालतात, कारण त्यांची इंजिनं तसल्या पातळ तेलासाठीच बनवलेली असतात. कॅनवरच्या आकड्यांत डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीतलं वागणं. शेवटचा आकडा गरम तेलाचा. शंभर अंश सेल्सिअसला 20 नंबरच्या तेलाचा दाटपणा 6.9 ते 9.3 सेंटिस्टोक असतो, तर 40 नंबरचा 12.5 ते 16.3. जवळजवळ दुप्पट! आमच्या गाडीच्या मॅन्युअलात शेवटचा आकडा 40 आहे. बावीस-तेवीस वर्षं पळून फटी थोड्या वाढलेलं इंजिन, त्यात सोलापूरचा उन्हाळा, आणि त्यात मी पाठवलेलं पाण्यासारखं तेल. दिवा लागला नसता तरच नवल.

"पप्पा, माझ्यामुळे झालं हे," मी म्हटलं.

"असू दे गं," ते म्हणाले. "मी तरी कुठं वाचलं?" आणि वहीत लिहिलं: तेल चुकीचं. कुणी घातलं, ते लिहिलं नाही.

संध्याकाळी आसरा चौकाकडून योग्य ग्रेडचं तेल आणि नवा फिल्टर आणला. बदलला. इंजिन परत तापवलं.

गरम, आयडलला: 12. दिवा गप्प!

मी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी नाही. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. तीन हजारला 27, आणि काटा अजूनही थरथरत होता.

दिवा विझला की आपण सुटलो, असं मला वाटलं होतं. इथेच लेख संपवायला मला आवडलं असतं. पण मिस्त्रींचं म्हणणं साधं होतं. आयडलचा आकडा सुधारला, म्हणजे पातळ तेल हे खरं कारण होतं. पण वेग वाढवल्यावर दाब पाहिजे तेवढा चढत नाही, काटा कापतो, म्हणजे पंपाला तेल पुरेसं ओढता येत नाहीये. घोट घेतोय, पण स्ट्रॉ तुंबलाय. शेजारच्या काकांचं जाड तेल ओतलं असतं तर दिवा विझला असता आणि हे दुखणं आत तसंच राहिलं असतं. वर थंड इंजिनला ते घट्ट तेल ओढायला पंपाला आणखी त्रास.

रविवारी सकाळी गाडी दोरी बांधून मिस्त्रींच्या शेडमध्ये नेली. तो माणूस दुपारी चारला येणार होता.

सम्प उतरवायला दीड तास गेला. पप्पा स्टुलावर, हातात वही. सम्प खाली आला तेव्हा त्याच्या तळाशी काळा, जेलीसारखा थर होता. पप्पा रिटायर झाल्यापासून गाडी रोज फक्त भाजी आणि देऊळ, दोन-दोन किलोमीटर. इंजिन पुरतं तापण्याआधीच बंद. आतली वाफ आणि जळलेल्या पेट्रोलची घाण तेलातच राहते आणि वर्षानुवर्षं साचून हा असा चिखल होतो. आणि गाळणीवर त्या चिखलाबरोबर रबरासारखे निळे तुकडे. पूर्वी कधीतरी सम्प बसवताना कुणीतरी हौसेने भरपूर सीलंट लावलं होतं. जास्तीचं आत सुटलं आणि गाळणीला जाऊन चिकटलं. निम्मी जाळी बंद!

"आता उघडलंयच तर बगून घेऊ," मिस्त्री म्हणाले. त्यांनी कनेक्टिंग रॉडच्या एका बेअरिंगची टोपी सोडवली.

हा सगळ्यात लांब मिनिट होता. सत्तर हजार की चार हजार, ते इथे ठरणार होतं. वरचा करडा थर उडून आतलं तांबं दिसायला लागलं असतं, तर बेअरिंग गेलं. पप्पांनी चष्मा पुसला. मिस्त्रींनी बेअरिंगचं शेल फडक्याने पुसून त्यांच्या तळहातावर ठेवलं. एकसारखं करडं. बारीक ओरखडे होते, पण नखाला लागत नव्हते. तांबं कुठेच नाही. सम्पच्या तळाशी चुंबक फिरवलं, त्यालाही काही चिकटलं नाही.

पप्पांनी ते शेल दोनदा उजेडात धरून बघितलं. मग स्वतःच म्हणाले, "चालतंय की हे अजून."

गाळणी धुतली, सम्प घासला, नवं गास्केट, परत ताजं तेल. तीन वाजता गेज लावला.

थंड: 58. गरम, आयडलला: 17. तीन हजारला: 42. काटा स्थिर.

नव्या इंजिनाइतका दाब आहे का? नसणार. बेअरिंग थोडी झिजलीच आहेत, ती वाढतच जातील, असं मिस्त्रींनी स्पष्ट सांगितलं. दर पाच हजारला किंवा सहा महिन्यांनी तेल बदला, आठवड्यातून एकदा तरी गाडी मोहोळपर्यंत पळवून आणा, आणि तीन-चार महिन्यांनी एकदा मोजून घ्या. दोन्ही वेळचं तेल, फिल्टर, गास्केट, मजुरी सगळं धरून पाच हजार नऊशे. रजिस्ट्रेशन 2027 पर्यंत आहे. पुढचं पुढे.

चार वाजता माणूस आला, तेव्हा गाडी अंगणात, कव्हरशिवाय उभी होती. पप्पांनी त्याला चहा दिला, वही दाखवली आणि प्रत्येक आकडा समजावून सांगितला. बिचारा अर्धा तास ऐकत होता. जाताना पप्पांनी त्याला शेंगा चटणीची पुडी दिली. सोलापुरात नाही म्हणायचीही एक पद्धत असते.

त्याच रात्री पप्पांनी माझ्याकडून ऑनलाइन एक गेज मागवून घेतला. मम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझं बीपी कधी एवढ्या वेळा मोजलं नाही यांनी." दुसऱ्या दिवशी बीपीचं मशीनपण मागवलं.

दहा टिप्सचा लेख मी अजून दुरुस्त केलेला नाही. संपादकांना मेल केलाय, टिप क्रमांक चार बदला म्हणून. तोवर तुम्ही एवढं करा. महागडं तेल घ्यायच्या आधी गाडीचं मॅन्युअल उघडा, शेवटचा आकडा बघा. आणि कुणी "इंजिन गेलं" म्हणालं, की आधी विचारा, किती होतं?

महिन्यातून एकदा, सहसा रविवारी सकाळी, पप्पांचा फोन येतो. हॅलो वगैरे काही नाही.

"थंड सत्तावन्न. गरम सतरा. तीन हजारला एक्केचाळीस." मग वही मिटल्याचा आवाज. "हां, आता बोल. तू कशी आहेस?"